स्पेक्टॅकल्ड आयडर मोजायचे कुठे: टुंड्रात की बेरिंग समुद्राच्या बर्फावर?

नराच्या डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पांढरी वर्तुळे असलेले हे समुद्री बदक प्रामुख्याने अलास्कातील युकॉन-कुस्कोक्विम त्रिभुज प्रदेशात, अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर आणि रशियाच्या आर्क्टिक किनाऱ्यावर वीण करते. युकॉन-कुस्कोक्विममधील त्याची संख्या 1970च्या दशकापासून सुमारे दोन दशकांत 90 टक्क्यांहून अधिक घटली आणि 1993 मध्ये अमेरिकेने त्याला कायद्याचे संरक्षण दिले. त्याच्या गणनेचे नियोजन करणाऱ्यापुढे मुख्यतः दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग विणीच्या प्रदेशातील टुंड्रावर, म्हणजे आर्क्टिकच्या वृक्षहीन मैदानावर, जूनमध्ये होणाऱ्या विमान-गणनेचा. ठरलेल्या रेषांवरून कमी उंचीवर उडताना पांढऱ्या पाठीचा नर सहज दिसतो, तपकिरी मादी मात्र गवतात मिसळून जाते. म्हणून नर मोजून जोड्यांचा अंदाज बांधला जातो. मात्र मादी अंडी उबवायला बसताच नर समुद्राकडे निघून जातात, त्यामुळे ज्या वर्षी बर्फ लवकर वितळते त्या वर्षी उड्डाण थोडेही उशिरा झाले, तर एकही पक्षी मेलेला नसताना संख्या घटल्याचे दिसते. वयात न आलेले पक्षी समुद्रातच राहतात. ते या गणनेत येतच नाहीत.

दुसरा मार्ग हिवाळ्यातला. हे पक्षी हिवाळ्यात कुठे जातात याचा उलगडा 1995 मध्ये उपग्रह-ट्रान्समीटरमुळे झाला: बेरिंग समुद्रातील सेंट लॉरेन्स बेटाच्या दक्षिणेस, समुद्रावरील बर्फात उघड्या राहिलेल्या पाण्यात ते दाटीवाटीने तरंगत असतात. विमानातून छायाचित्रे घेऊन तेथे साडेतीन लाखांहून अधिक पक्षी मोजले गेले आहेत, आणि जवळजवळ संपूर्ण प्रजाती एकाच ठिकाणी मोजता येण्याची अशी संधी फार दुर्मीळ असते. तरीही मला हा मार्ग एकट्याने पुरेसा वाटत नाही, कारण तिन्ही प्रदेशांतील पक्षी तेथे एकत्र मिसळतात आणि त्यांतील बहुसंख्य रशियातले असतात. युकॉन-कुस्कोक्विममधील काही हजार जोड्या उद्या निम्म्या झाल्या, तरी एवढ्या मोठ्या आकड्यात ती घट जाणवणार नाही.

घट का होते, हे तर दोन्ही मार्गांनी कळत नाही. तळ्यांच्या तळाशी पडून राहिलेले शिकारीचे शिशाचे छर्रे गिळून माद्यांना विषबाधा होते, हे जमिनीवर उतरून केलेल्या अभ्यासातूनच उमगले. अर्थात पायी घरटी शोधताना मादी उठते आणि अंडी भक्षकांपुढे उघडी पडतात, म्हणून ते काम मोजक्याच नमुना-क्षेत्रांत करावे.

दरवर्षी करण्यासाठी एकच काम निवडायचे असेल तर जूनची गणना निवडावी आणि हिवाळ्यातील मोजणी काही वर्षांच्या अंतराने करावी. पैसे आणखी कमी पडले तर काही रेषा गाळाव्यात. उरलेल्या रेषा मात्र दरवर्षी त्याच ठेवाव्यात आणि उड्डाणाची तारीख दिनदर्शिकेवरून न ठरवता त्या वर्षीचे बर्फ कधी वितळते यावरून ठरवावी.