ऑल-इनचा हिशेब शिकवणारे ‘इक्विलॅब’

टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात प्रतिस्पर्ध्याने सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या, म्हणजे ऑल-इन केली, की आपल्यासारखे तीन पत्तीवर वाढलेले खेळाडू ‘याच्याकडे नेमके काय आहे’ हे ताडू पाहतात. विचारायचे असते ते ‘याच्याकडे काय काय असू शकते’, आणि पोकरस्ट्रॅटेजी या पोकर शिकवणाऱ्या संकेतस्थळाचे ‘इक्विलॅब’ हे विंडोजवर चालणारे मोफत सॉफ्टवेअर आपल्याला तोच प्रश्न विचारायला भाग पाडते. सुरुवातीच्या दोन पानांचे सर्व 169 प्रकार दाखवणाऱ्या तक्त्यातून प्रतिस्पर्ध्याचे संभाव्य हात (म्हणजे त्याच्याकडे असू शकणारी पाने) निवडायचे, आपली पाने भरायची आणि जिंकण्याची टक्केवारी पाहायची, एवढाच त्याचा वापर आहे.

एक उदाहरण घेऊ. ब्लाइंड, म्हणजे पाने पाहण्याआधी दोन खेळाडूंनी लावायच्या सक्तीच्या रकमा, 50 आणि 100 चे आहेत, मी 300 लावले, बटनवरच्या (डीलरच्या जागेवरच्या) खेळाडूने 2000 ची ऑल-इन केली आणि दोन्ही ब्लाइंडवाले बाहेर पडले. पॉटमध्ये, म्हणजे सर्वांनी लावलेल्या एकूण रकमेत, 2450 आहेत आणि मला आणखी 1700 घालायचे आहेत. म्हणजे 4150 च्या पॉटमध्ये माझे 1700, म्हणून कॉल (तेवढीच रक्कम लावून खेळात राहणे) परवडण्यासाठी मला किमान 41 टक्के संधी हवी. हातात निरनिराळ्या रंगांचे एक्का-राजा असताना पाने टाकून डाव सोडायला कोण धजेल? पण तो खेळाडू राणीची जोडी किंवा तिच्यावरच्या जोड्या आणि एक्का-राजा यांवरच ऑल-इन करत असेल, तर माझी संधी सुमारे 39 टक्केच भरते. त्याच तक्त्यात दहा आणि गुलामाच्या जोड्या व एक्का-राणी यांची भर घातली की आकडा 49 च्या आसपास जातो. माझी पाने तीच राहतात, निर्णय मात्र उलटतो.

या सॉफ्टवेअरची मर्यादाही येथेच दिसते, कारण बटनवरचा माणूस सावध आहे की उतावीळ, हे ते सांगत नाही. तो अंदाज आपणच भरायचा, आणि तो चुकला तर दशांशापर्यंत अचूक आलेले उत्तरही निरुपयोगी ठरते. शिवाय टूर्नामेंटमध्ये बक्षिसांच्या उंबरठ्यावर हातातल्या चिप्स गमावण्याचे नुकसान तेवढ्याच चिप्स जिंकण्याच्या फायद्यापेक्षा मोठे असते, आणि केवळ पॉटमधला वाटा मोजणाऱ्या टक्केवारीत हे धरलेले नसते.

मला सर्वाधिक उपयोग झाला तो त्यातल्या सराव-विभागाचा, कारण टेबलावर बसल्यावर लॅपटॉप उघडता येत नाही. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावरची पहिली तीन सामाईक पाने उघडल्यावर, हातातल्या पानांसह चार बदाम जुळले की मी निम्मी संधी गृहीत धरत असे. प्रत्यक्षात उरलेल्या दोन पानांत पाचवा बदाम येऊन फ्लश (एकाच रंगाची पाच पाने) होण्याची शक्यता 35 टक्के असते. पॉटएवढ्या ऑल-इनला 33 टक्के लागतात, त्यामुळे तेथे कॉल जेमतेम बसतो, तोही बदाम आल्यावर आपलाच हात वरचढ ठरणार असेल तर. टर्ननंतर (चौथे सामाईक पान उघडल्यावर) मात्र ती शक्यता 20 टक्क्यांच्याही किंचित खाली येते, आणि तेवढ्याच मोठ्या ऑल-इनसमोर पाने टाकण्यावाचून गत्यंतर नसते.