कोकण किनारा आठ दिवसांत: रेल्वेने जावं की भाड्याच्या गाडीने?

कोकण रेल्वेने गेलं की समुद्र बघत बघत जाता येतं, असं दर वर्षी कुणीतरी मला ठामपणे सांगतं. रोह्यापासून सावंतवाडीपर्यंत रूळ किनाऱ्यापासून बरेच आत आहेत. खिडकीतून दिसतात ते एकामागून एक बोगदे, भातखाचरं, वाशिष्ठी आणि शास्त्री नद्यांची पात्रं, रत्नागिरीच्या पुढे पानवलचा 64 मीटर उंच पूल. बघण्यासारखं सगळंच आहे, पण त्यात समुद्र नाही. आणि गाडी काढून मुंबई-गोवा महामार्ग धरलात तरी तीच गत. पेण, माणगाव, महाड, चिपळूण, लांजा करत तुम्ही आतूनच जाता. किनारा दोन्हीकडून लांबच राहतो. त्यामुळे ठरवायचं असतं ते स्टेशनावर उतरल्यानंतरच्या तीस-चाळीस किलोमीटरांचं, आणि पुढच्या आठ दिवसांचं.

आधी रेल्वे. मुंबई ते कुडाळ हा टप्पा रेल्वेने जितका सुखाचा होतो तितका रस्त्याने होत नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून आपण ऐकतो आहोत. काही पट्टे आता सुरेख झालेत, कशेडीचा बोगदा झाल्याने तो घाटही टळतो, पण मधेच वळणरस्ता लागतो, अर्धवट पूल लागतो, आणि ‘नऊ तासांत पोहोचू’ म्हणणारा माणूस चिपळूणलाच सहावा तास मोजत असतो. मांडवी एक्स्प्रेसने सकाळी निघालात तर दिवसभर डब्यात काही ना काही खायला येत राहतं, आईवडिलांना पाय मोकळे करता येतात, चालवणाऱ्याची कंबर वाचते. घाई असेल तर वंदे भारत आहे. ती ठाण्या-पनवेलनंतर गोव्याआधी खेड, रत्नागिरी, कणकवली इथेच थांबते. दापोलीला जाणाऱ्यांना खेड सोयीचं आहे, मालवणवाल्यांना कणकवली तितकंसं नाही. त्यांनी कुडाळला थांबणारी गाडी बघावी.

रेल्वेची खोट स्टेशनाबाहेर पडल्यावर कळते. खेड ते दापोली तीसेक किलोमीटर, चिपळूण ते गुहागर चाळीसच्या वर, रत्नागिरी ते गणपतीपुळे आरे-वारेमार्गे पंचवीस, कुडाळ ते मालवण पुन्हा तीसेक. राजापूर रोड नावाचं स्टेशन तर राजापूर गावापासून इतकं लांब आहे की त्यातला ‘रोड’ हा शब्द मनावर घ्यावा. एसटी स्टँड बहुतेक ठिकाणी स्टेशनाला लागून नाही. रात्रीची गाडी पहाटे चार वाजता उतरवते तेव्हा बाहेर दोन रिक्षा असतात आणि दर तेच ठरवतात. मुक्कामाच्या घरमालकाला आदल्या दिवशी फोन करून गाडी पाठवायला सांगितली की हा प्रश्न निम्मा मिटतो. मालवण, तारकर्लीत हे सर्रास चालतं.

आता भाड्याची गाडी. तिचं खरं मोल महामार्गावर नाही, रेवस ते रेड्डी या सागरी मार्गावर आहे. मुरूडजवळ आगरदांड्याला गाडी फेरीबोटीवर चढवायची, दिघीला उतरायचं. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर करत बागमांडल्याला यायचं, तिथून पुन्हा बोटीने वेश्वी. मग केळशी, आंजर्ले, हर्णै. दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. प्रत्येक खाडी पंधरा-वीस मिनिटांची, आणि मुलांना पुढे हाच भाग आठवतो. गाडी नसेल तर हा प्रवास जवळजवळ अशक्य आहे. एसटी गावापर्यंत नेते, पण दोन गावांच्या मधे जो निवांत किनारा दिसतो तिथे थांबत नाही.

पण इथे दिवसाला ऐंशी-नव्वद किलोमीटरच होतात, आणि भाडं ठरवताना बहुतेक जण हेच विसरतात. ड्रायव्हरसह बाहेरगावची गाडी घेतली तर साधारणपणे दिवसाला किमान 250 किंवा 300 किलोमीटरचे पैसे लावतात. वर ड्रायव्हरचा भत्ता. म्हणजे मालवणात गाडी दिवसभर माडाखाली उभी, आणि मीटर तुमच्या खिशात चालू. सेल्फ-ड्राइव्ह घेतली तर हे टळतं, पण डिपॉझिट, ओरखड्यांचे वाद आणि अनोळखी रस्ता तुमच्या वाट्याला येतात. माझ्या एका प्रवासात बंपरवरची जुनी रेघ माझ्या नावावर लागली होती. तेव्हापासून गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढतो, स्टेपनी आणि टपासकट. आणि नंबरप्लेट बघा. सेल्फ-ड्राइव्ह भाड्याच्या परवान्याची गाडी असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. कुणी आपली पांढऱ्या पाटीची घरची गाडी स्वस्तात देत असेल तर नको म्हणा, अपघात झाला तर विम्याचं कठीण होतं.

गाडी लहान घ्या. सात माणसांची मोठी गाडी मुंबईत ऐटदार वाटते, पण केळशीच्या आळीत दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे आणि समोरून एसटी आली की मागे तुम्हालाच घ्यावं लागतं. पेट्रोल टाकी अर्धी झाली की भरून घ्यावी, किनाऱ्यालगत पंप विरळ आहेत. शेवटची फेरी किती वाजता सुटते ते सकाळीच विचारून ठेवा. दाभोळची बोट चुकली तर धोपाव्याला जायला दापोली, खेड, चिपळूण असा शंभरावर किलोमीटरचा वळसा पडतो.

मग कुणी काय करावं? एकाच गावी पाच-सहा दिवस राहणार असाल तर रेल्वेच. मालवण धरलं तर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बोटीचा धक्का, तारकर्ली, देवबाग यांना रिक्षा पुरते, आणि एक दिवस विजयदुर्ग-कुणकेश्वरला स्थानिक गाडी दिवसाच्या ठरावीक दरावर सांगता येते. उलट अलिबागपासून रत्नागिरीपर्यंत मुक्काम बदलत जायचं असेल, गाडी चालवणारे दोघे असतील, तर मुंबईहूनच गाडी घ्या, आणि महामार्गाला शक्यतो हात लावू नका. चालवणारा एकटाच असेल तर मी हा बेत करणार नाही. तिसरा मार्ग मला स्वतःला आवडतो: रेल्वेने थेट गोव्यात थिवीला उतरायचं, तिथे गाडी घ्यायची आणि वेंगुर्ला-शिरोड्यापर्यंत उलट वर यायचं. गोव्यात सेल्फ-ड्राइव्ह मुबलक आहेत. फक्त गाडी राज्याबाहेर नेऊ देणार का, हे आधी विचारा, बरेच मालक नाही म्हणतात.

पावसाळ्यात गणित बदलतं. रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू होतं, वंदे भारत आठवड्यातून सहाऐवजी तीनच दिवस धावते, मुसळधार पावसात इंजिनचालक वेग ताशी 40 पर्यंत उतरवतात. उशीर होतो, पण खिडकीत बसून होतो. त्याच पावसात खड्ड्यांतून भाड्याची गाडी हाकणं, आणि वर खाडी खवळली म्हणून फेरी बंद, हे मी एकदा केलं आहे. गणपतीत तर दोन्ही नको. 2025 साली कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णा लोकांच्या मोटारीसुद्धा वाघिणींवर चढवून नेल्या, यावरूनच रस्त्याची अवस्था ओळखा.

रेल्वेचं ठरलं तर एवढं करा: आरक्षण प्रवासाच्या तारखेच्या 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे परतीचं जायच्या तिकिटानंतर काही दिवसांनी; ते उघडेल त्या सकाळीच काढा. मे महिन्यातल्या रविवारी रात्रीच्या परतीच्या गाड्या सगळ्यात आधी भरतात. जाताना तिकीट नाही मिळालं तर रातराणी बस आहे. येताना मुलांची झोप, आंब्याच्या पेट्या आणि सोमवारचं ऑफिस सोबत असतं.