फारसी बोलणाऱ्यांसाठी जेरंड-इन्फिनिटिवची कार्डं: सहा-सात महिने वापरल्यानंतर

मी पुण्यातून ऑनलाइन इंग्रजी शिकवते. विद्यार्थी बहुतेक इराणचे, तेहरान, मशहद, शिराझकडचे, काही अफगाण, आणि जवळजवळ सगळ्यांना आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायचीय. तर हा रिव्ह्यू आहे अँकीवर (प्रश्न-उत्तराची कार्डं परत परत दाखवणारं अ‍ॅप) मी बनवलेल्या कार्डांचा, जी मी गेले सहा-सात महिने या मुलांबरोबर रोज वापरतेय. विषय एकच, इंग्रजी क्रियापदानंतर 'टू गो' (इन्फिनिटिव) लावायचं की 'गोइंग' (जेरंड, म्हणजे आयएनजीचं रूप). ज्यांना परदेशी मुलांना इंग्रजी शिकवायचंय त्यांच्या कामाला येईल म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी हे सांगते की तयार याद्या का सोडल्या. बहुतेक व्याकरणाच्या पुस्तकांत दोन रकाने असतात, एकात आयएनजी घेणारे एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, सजेस्ट, दुसऱ्यात टू घेणारे वाँट, डिसाइड, होप, रिफ्यूज. मुलं पाठ करतात, टेस्टमध्ये बरोबर लिहितात आणि पुढच्याच आठवड्यात निबंधात 'आय एन्जॉय टू रीड' येतं. कारण सोपं आहे, लिहिताना डोक्यात यादी येत नाही, आपल्या भाषेतलं वाक्य येतं. परीक्षेत रायटिंगच्या बँडला (म्हणजे गुणांना) चार निकष असतात, त्यातला एक पूर्ण व्याकरणाचा, तिथे ही चूक परत परत दिसली की बँड खाली येतो. म्हणून मी कार्डाच्या पुढच्या बाजूला इंग्रजी क्रियापद टाकलंच नाही, अख्खं फारसी वाक्य टाकलं, तेही बोलीतलं, मागे इंग्रजी वाक्य.

फारसीत याची सोय फार छान आहे हो. त्यांच्याकडे मसदर असतो, आपल्या 'जाणे, वाचणे' सारखं क्रियापदाचं मूळ रूप, शेवटी तन किंवा दन, रफ्तन (जाणे), खूनदन (वाचणे), केशीदन (ओढणे), आणि तो सरळ नामासारखा वागतो. 'सीगार केशीदन ममनू', म्हणजे धूम्रपान मना. आणि दुसरीकडे 'मला जायचंय' म्हणताना ते मसदर वापरतच नाहीत, 'मीखाम बेरम' म्हणतात, म्हणजे 'मला हवंय, मी जावं' असं, दुसऱ्या क्रियापदाच्या शेवटीही 'मी' दाखवणारा 'अम' चिकटलेला. म्हणून तर नवीन मुलं 'आय वाँट दॅट आय गो' किंवा नुसतंच 'आय वाँट गो' म्हणतात. यावरून मी कार्डांचे दोन गठ्ठे केले. फारसी वाक्यात मसदर आला तर इंग्रजीत बहुतेक आयएनजी, माणूस (मी, तू, आपण) चिकटलेलं क्रियापद आलं तर बहुतेक 'टू'. 'अज़ केताब खूनदन लेज्ज़त मीबरम', मसदर आहे, म्हणून 'आय एन्जॉय रीडिंग'. 'तस्मीम गेरेफ्तम बेरम', माणूस आहे, म्हणून 'आय डिसायडेड टू गो'. एन्जॉयनंतर मुलं 'फ्रॉम' घालतात कारण फारसीत 'अज़' आहे, ते वेगळं कापावं लागतं, पण आयएनजी तरी बरोबर येतं.

पहिल्या महिन्यात मुलांना सांगायचं म्हणून सोपी खूण दिली होती, 'बे' दिसला की टू, बेरम, बेबंदम वगैरे. ती खूण टिकत नाही. एक तर 'करणे' लावून बनलेल्या क्रियापदांत बे गळतो, 'मीखाम शोरू कोनम' (मला सुरू करायचंय) मध्ये बे कुठेच नाही. आणि दुसरं, 'कडे, ला' या अर्थाचा स्वतंत्र 'बे' पण असतो आणि त्याच्यानंतर नेमका मसदर येतो. त्यामुळे आता खूण शेवट बघायची, शेवटी 'तन-दन' की शेवटी माणूस. हा बदल केल्यावर गोंधळ खूपच कमी झाला, नवीन कार्डं करणाऱ्यांनी सुरुवातच इथून करा.

सगळ्यात जास्त फायदा कुठे झाला सांगू का, रिमेंबर, फर्गेट आणि स्टॉपमध्ये. हे तीन शब्द शिकवताना बाकी देशांची मुलं कंटाळतात, टू लावलं की आयएनजी यावरून अर्थ बदलतो हे लक्षातच राहत नाही. फारसीवाल्यांना उलट हे घरचं आहे. 'यादेत बाशे दरो बेबंदी', दार लावायची आठवण ठेव, हे 'रिमेंबर टू शट द डोअर'. 'यादमे दरो बस्तम', दार लावल्याचं मला आठवतंय, 'आय रिमेंबर शटिंग इट'. त्यांच्याकडे पहिल्यात अजून न झालेल्या गोष्टीचं रूप येतं, दुसऱ्यात सरळ भूतकाळ, म्हणजे जी गोष्ट इंग्रजी टू आणि आयएनजीनं दाखवते तीच फारसी स्वतःच्या रूपांनी दाखवते. इथे मसदर नाही, त्यामुळे गठ्ठ्यांचा नियम लागत नाही, पण दोन वाक्यं शेजारीशेजारी ठेवली की मुलगी लगेच म्हणते, अच्छा, झालेलं आयएनजी आणि व्हायचं असलेलं टू. स्टॉपमध्ये मात्र मसदर येतो, तिथे गठ्ठ्यांचा नियमच चालतो, 'वायसाद सीगार बेकेशे' म्हणजे सिगारेट ओढायला थांबला, 'सीगार केशीदनो तर्क कर्द' म्हणजे सोडलीच. एका विद्यार्थिनीनं हे दोन्ही स्वतःच्या वडिलांवर वाक्यं करून सांगितले आणि पुढे कधी चुकली नाही.

'यूज्ड टू' पण इथेच सुटतं. 'बे ज़ूद पाशोदन आदत कर्दम', मला लवकर उठायची सवय झालीय, त्यात बे नंतर मसदर, म्हणून 'आयम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली'. तो टू शब्दयोगी आहे हे वेगळं सांगावं लागत नाही, फारसी बे सांगतो. 'लुक फॉरवर्ड टू सीइंग यू' पण तसंच, 'मोन्तज़ेरे दीदनेतम', दीदन म्हणजे मसदर, झालं.

आता जिथे ही पद्धत फसवते ते. दोन शब्द फार त्रास देतात. एक सजेस्ट, कारण फारसीत 'पीशनहाद मीकोनम बेरीम' (मी सुचवते, आपण जावं), माणूस चिकटलेला आहे, म्हणून मुलं 'आय सजेस्ट गोइंग' ऐवजी हमखास 'आय सजेस्ट टू गो' लिहितात. दुसरा रिफ्यूज, तिथे बरोबर उलटं, 'अज़ जवाब दादन खोद्दारी कर्द' (उत्तर द्यायचं टाळलं) मध्ये मसदर आहे आणि इंग्रजीत मात्र 'रिफ्यूज्ड टू आन्सर'. अशांसाठी मी लाल पट्टीचा तिसरा गठ्ठा केलाय आणि तो मुद्दाम छोटा ठेवलाय, माइंड, कन्सिडर, सजेस्ट, रिफ्यूज असे मोजकेच. नियम मोडणारे वीस शब्द एकदम दिले तर मूल नियमावरचाच विश्वास घालवतं, हे माझं ठाम मत आहे. नकाराची कार्डं पण वेगळी हवीत, 'तस्मीम गेरेफ्तम नरम' चं 'आय डिसायडेड डोंट गो' होतं, 'नॉट टू गो' तोंडात बसायला वेळ लागतो.

अफगाण मुलांना कार्डं चालतात पण उच्चार आणि बोली वेगळी, म्हणून त्यांच्याकडूनच वाक्यं लिहून घेतली. ताजिकिस्तानच्या मुलांना मात्र ही देऊ नका, ते 'मला जायचंय' ला चक्क मसदर वापरतात, 'रफ्तन मेखोहम', म्हणजे पहिल्याच पायरीला गठ्ठा कोसळतो. त्यांच्यासाठी वेगळं बनवावं लागेल.

अँकीबद्दल थोडक्यात. काँप्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात आणि इराणमध्ये परदेशी बँकांची क्रेडिट-डेबिट कार्डं चालत नाहीत, तर तिथल्या आयफोनवाल्यांना ब्राउझरमधून वापरायला सांगते. चुकलेलं कार्ड लवकर परत येतं, बरोबर आलेलं लांब जातं, या कामाला हेच हवं. फारसी उजवीकडून आणि इंग्रजी डावीकडून, दोन्ही एकाच ओळीत टाकलं की पूर्णविराम भलतीकडे जातो, म्हणून दोन्हीला वेगळी ओळ द्या. आणि उत्तर मनात म्हणू देऊ नका, मोठ्यानं म्हणायला लावा, नाहीतर स्पीकिंगमध्ये काही उपयोग नाही.

मराठी मुलांसाठी असंच करता येईल का असं एका मैत्रिणीनं विचारलं. सरळ नाही करता येणार. आपलं 'वाचायला' सगळीकडे चालतं, वाचायला आवडतं, वाचायला लागला, वाचायला गेला, त्यामुळे दोन स्वच्छ गठ्ठे पडत नाहीत. पण 'ओढायला थांबला' आणि 'ओढायचं थांबवलं' ही जोडी आपल्याकडेही आहे, आणि 'लावायची आठवण', 'लावल्याची आठवण' ही पण. तेवढ्या जोड्यांची कार्डं मी पुढच्या महिन्यात सातवी-आठवीच्या मुलांवर करून बघणार आहे, कोणाला वाक्यं सुचली तर जरूर पाठवा, बोलीतली पाठवा, पुस्तकी नको.