मॉडफ्लो ६ : विद्यार्थ्याच्या टेबलावरून

पदव्युत्तर अभ्यासक्रमात भूपृष्ठजल आणि भूजल यांचे मॉडेलिंग शिकताना भूजलाच्या प्रवाहाचे मॉडेल करणाऱ्या मॉडफ्लो ६ या सॉफ्टवेअरसोबत मी दोन सत्रे काढली. हे परीक्षण त्याच अनुभवावर बेतलेले आहे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने ते तयार केले असून सोर्स कोडसह विनामूल्य उपलब्ध करून दिले आहे. मूळ मॉडफ्लो १९८४ चे आणि ही सहावी मुख्य आवृत्ती २०१७ ची. फोरट्रान या जुन्या संगणकभाषेतले इतके जुने घराणे अजून शिकवले जाते याचे सुरुवातीला मला नवल वाटले होते, पण पहिल्याच महिन्यात कारण कळले. येथे काहीही झाकलेले नसते. जलधराचे, म्हणजे पाणी धरणाऱ्या भूस्तराचे, चौकोन (सेल) पाडायचे, प्रत्येक सेलसाठी डार्सीचा नियम (पातळीच्या उतारावरून प्रवाह देणारा) आणि पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि सगळी समीकरणे एकत्र सोडवायची, एवढाच हा खेळ आहे. पुनर्भरण, विहीर, निचरा, नदी यांची स्वतंत्र पॅकेजे असल्यामुळे आपण नेमके काय गृहीत धरले आहे हे फाइल उघडताच वाचता येते.

ही पारदर्शकता मात्र विद्यार्थ्याला अजिबात सांभाळून घेत नाही. लांबीचे व वेळेचे एकक लिहिण्याची सोय आहे, पण ते केवळ नाव म्हणून छापले जाते. रूपांतर करण्याची जबाबदारी आपली. बाकी सर्व आकडे दिवसात असताना मी वाळूची जलवाहकता (पाणी वाहू देण्याची क्षमता) ०.०००१ मीटर प्रतिसेकंद अशी प्रयोगशाळेच्या नोंदीतून जशीच्या तशी उतरवली. दिवसाच्या हिशेबात ती ८.६४ व्हायला हवी होती. मॉडेलने तक्रार न करता उत्तर दिले : पाण्याची पातळी जमिनीच्या वर, हवेत, शेकडो मीटर उंच. लिस्टिंग फाइलच्या, म्हणजे मॉडेलच्या निकालाच्या नोंदवहीच्या, शेवटी ताळेबंदातील तफावत मात्र ०.०० टक्के होती! ताळेबंद जुळणे म्हणजे समीकरण नीट सुटले, एवढेच. मॉडेल खरे आहे असे नव्हे, हा धडा मला कोणत्याही व्याख्यानापेक्षा त्या फाइलने अधिक पक्का शिकवला.

दोन पाण्यांची गाठ जिथे पडते ते नदीचे पॅकेज हा या सॉफ्टवेअरचा सर्वात शिकवणारा आणि सर्वात फसवणारा भाग आहे. समजा सेलमधील नदी १०० मीटर लांब, १० मीटर रुंद, तळाचा गाळ १ मीटर जाड आणि त्याची जलवाहकता दिवसाला ०.१ मीटर आहे. म्हणजे कंडक्टन्स (पातळीतील दर मीटर फरकामागे गाळातून जाणारा प्रवाह) १०० चौरस मीटर प्रतिदिन. नदीची पातळी भूजलापेक्षा अर्धा मीटर वर असेल तर रोज ५० घनमीटर पाणी खाली मुरते. भूजल गाळाच्या तळाच्याही खाली गेले की हा प्रवाह एका कमाल आकड्यावर थांबतो आणि मग पातळी कितीही खोल गेली तरी वाढत नाही. इथवर सारे सयुक्तिक आहे. गोम अशी की या पॅकेजच्या नदीत मुळात पाणी किती आहे हे कोणी विचारतच नाही. शेजारी मोठा उपसा लावला तरी ही नदी कोरडी पडत नाही, पाणी देतच राहते. नदीतील पाण्याचा हिशेब ठेवणारे, वरच्या टप्प्यातून खालच्या टप्प्यात प्रवाह नेणारे प्रवाह-मार्गणाचे पॅकेज वेगळे आहे. ओढा किंवा लहान नदी असेल तर तेच वापरावे, असे माझे ठाम मत आहे.

कॅलिब्रेशन, म्हणजे मोजलेल्या नोंदींशी मॉडेल जुळवणे, हा खरा कस. सीमांवर पातळी स्थिर ठेवलेल्या मॉडेलमध्ये पुनर्भरण आणि जलवाहकता दोन्ही दुप्पट केली, तर स्थिर स्थितीत विहिरींतील पातळी जराही बदलत नाही. केवळ पातळीच्या नोंदींवर मॉडेल जुळवणाऱ्याला त्यामुळे या दोहोंचे गुणोत्तरच हाती लागते. नदीच्या पायाभूत (भूजलातून येणाऱ्या) प्रवाहाचे एखादे विश्वसनीय मोजमाप मिळाले की ही कोंडी फुटते. भूजलाच्या विद्यार्थ्याने भूपृष्ठजल का शिकावे, याचे याहून चांगले उत्तर मला सापडलेले नाही.

पाऊस, वाहून जाणारे पाणी आणि पूर यांसाठी मात्र मॉडफ्लो ६ कडे येऊ नये; ते त्याचे काम नाही. त्यासाठी एचईसी-एचएमएस किंवा स्वाट ही पाणलोटाची सॉफ्टवेअरे शिकावी लागतात, आणि दोन्ही बाजू एकत्र हव्या असतील तर पाणलोटाचे मॉडेल व मॉडफ्लो जोडणारे जीएसफ्लो आहे, जे पचवायला एक सत्र कमी पडते. मॉडेलम्यूझ हा चित्रमय इंटरफेस विनामूल्य आणि चांगला आहे, तरीही पहिले काही आठवडे त्याला हात लावू नये. पायथॉन येत असेल तर फ्लोपाय या पायथॉन पॅकेजने मॉडफ्लोच्या फाइली तयार कराव्यात, पण त्या उघडून वाचाव्यातही. सुरुवातीला उपसा चालू असलेल्या एका विहिरीभोवतीची पातळीतील घट, जलधर अमर्याद पसरलेला धरणाऱ्या थीसच्या १९३५ च्या सूत्राने हाताने काढावी, मग तीच मॉडफ्लोकडून काढून घ्यावी आणि ग्रिडची कडा मुद्दाम विहिरीजवळ आणून दोन्ही वक्र कुठे एकमेकांपासून फुटतात ते पाहावे.