अल्बमच्या कामाला रॅम किती : १६ की ३२?

तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि दोन-तीन ऑर्डरी हातात आल्या की ओळखीच्या फोटोग्राफरांचे फोन येऊ लागतात. "दादा, मशीन हँग होतंय. रॅम १६ जीबी करू की एकदम ३२ टाकू?" रॅम म्हणजे चालू काम हाताशी धरून ठेवणारी मशीनची तात्पुरती मेमरी. गेली काही वर्षं मी शूटपेक्षा अल्बम डिझाइनच जास्त करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याही पोटापाण्याचा आहे. कॅमेरा कोणता, एका लग्नाचे फोटो किती, हे मी मागाहून विचारतो. आधी विचारतो, तुझं काम लाइटरूममध्ये (फोटो निवडणं, रंग-उजेड सुधारणं) संपतं की फोटोशॉपमध्ये (पानांची जुळवणी, डिझाइन)?

फोटो किती आहेत यावरून रॅम ठरत नाही, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. लाइटरूम क्लासिकच्या कॅटलॉगमध्ये ४,००० रॉ फाइली (कॅमेऱ्यातून जशाच्या तशा आलेल्या) असोत की ४०,०००, डेव्हलपमध्ये, म्हणजे फोटो सुधारायच्या भागात, आपण एका वेळी एकाच फोटोवर काम करतो. एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स, क्रॉप या सगळ्याची फक्त नोंद ठेवली जाते, मूळ फाइलला हात लागत नाही. फोटोशॉपचं तसं नसतं. तिथे उघडलेली प्रत्येक शीट (अल्बमचं जोडपान), तिचे लेयर (एकावर एक ठेवलेले थर) आणि मागे जाता यावं म्हणून जपलेल्या पायऱ्या (हिस्ट्रीत मुळात ५० ठेवलेल्या असतात) हे सगळं कुठेतरी धरून ठेवावं लागतं. रॅममध्ये जागा असली तर तिथे, नसली तर डिस्कवर.

आपला नेहमीचा १२ बाय ३६ इंची अल्बम घ्या. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) एक शीट म्हणजे १०,८०० बाय ३,६०० पिक्सेल, जवळपास ३ कोटी ८९ लाख. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट धरले तर पूर्ण भरलेला एकच लेयर ११७ एमबीचा होतो. त्यावर २४ मेगापिक्सेलचे सहा फोटो स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून, म्हणजे मूळ फोटो आत जपून, ठेवले की प्रत्येकाचे मूळ ७२ एमबी आत येऊन बसतात. मागे अंतरपाटाचा मोठा फोटो धूसर केलेला, त्यावर टेक्स्चर, कडेला फुलांची पीएनजी, मास्क, वधूवरांची नावं. लॅबला पाठवायची जेपीईजी १५-२० एमबीची निघते, म्हणून काम हलकं वाटतं. उघडी असताना तीच शीट एक जीबीच्या घरात सहज जाते. शिवाय डिझाइन करताना एकच शीट कधी उघडी असते? हळदीचा रंग सप्तपदीच्या पानाशी जुळतोय का हे बघायला चार-पाच शीट्स बाजूबाजूला लागतातच. कुणी १६ बिटमध्ये (प्रत्येक रंगाला एकाऐवजी दोन बाइट) काम करत असेल तर हे सगळे आकडे दुप्पट करा.

८ जीबीबद्दल फार बोलायला नको. लाइटरूम आणि फोटोशॉप दोन्हींसाठी अडोबीने किमान ८ सांगितली आहे, शिफारस १६ची आहे. ८ वर फोटोशॉप चालू होतं, पण त्यावर लग्नाचा अल्बम वेळेत निघत नाही. पासपोर्ट फोटो, बारशाचे चार फोटो, बॅनर एवढंच काम असेल तर आहे ते चालू द्या. नवीन मशीन मात्र ८ वर घेऊ नका.

खरी निवड १६ आणि ३२ मध्ये आहे. गेल्या मे महिन्यात एका मित्राच्या स्टुडिओत त्याच्या शेजारी बसून मी हे नीट पाहिलं. त्याचं मशीन १६ जीबीचं. फोटोशॉपच्या खिडकीत अगदी खाली डाव्या बाजूला फाइलची साइज दिसते ना, तिच्या शेजारच्या बाणावर क्लिक केलं की यादी उघडते. त्यात एफिशियन्सी निवडायची. आकडा १०० असेपर्यंत सगळं काम रॅममध्ये चाललेलं असतं. तो खाली आला की फोटोशॉप डिस्कवर, म्हणजे रॅम अपुरी पडल्यावर वापरायच्या स्क्रॅच डिस्कवर, वाकायला लागलं असं समजा. पहिल्या दोन शीट्सना आकडा १००च होता. तिसरी उघडली, ९३. चौथीवर त्याने मागचा मोठा फोटो ब्लर केला आणि आकडा ६४ वर आला. कर्सर गोल फिरत राहिला आणि आम्ही दोघं त्या गोलाकडे बघत बसलो. ब्राउझरमध्ये व्हॉट्सअॅप, गाण्यांचा टॅब आणि नवरीच्या भावाने पाठवलेली ड्राइव्हची लिंक उघडी होती. ते सगळं बंद केलं तेव्हा आकडा ८० च्या पुढे गेला. महिन्याभरात त्याने ३२ केली. त्याच अल्बमच्या पाच शीट्स उघडून बघितल्या, आकडा १०० वरून हलला नाही.

यामागचं गणित सोपं आहे. मोकळ्या रॅममधला ७० टक्के वाटा फोटोशॉप मुळातच आपल्यासाठी धरतं. प्रेफरन्सेसमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर हा आकडा दिसतो. विंडोज आणि बाकीचं सामान वगळलं तर १६च्या मशीनवर त्याच्या वाट्याला साधारण ९-१० जीबी येतात, ३२च्या मशीनवर २०च्या आसपास. १६ मध्ये दोन-तीन जड शीट्स आणि त्यांच्या हिस्ट्रीतच तो वाटा संपत येतो. ३२ मध्ये हात मोकळा राहतो.

एक गोष्ट लक्षात असू द्या. शीट बंद केली तरी फोटोशॉप घेतलेली रॅम लगेच परत देत नाही, पुढच्या कामासाठी धरून ठेवतं. त्यामुळे नुसत्या टास्क मॅनेजरमधला ८५-९० टक्क्यांचा आकडा बघून रॅम घ्यायला धावू नका. निर्णय एफिशियन्सीवरून घ्या, आणि तोही आपली नेहमीची सगळ्यात जड शीट उघडून.

म्हणून माझं मत असं. कल करणं (नको ते फोटो गाळणं), कलर करेक्शन, एक्सपोर्ट आणि डिझाइन बाहेर देणं, एवढाच तुमचा क्रम असेल तर १६ पुरते. अल्बम स्वतः करत असाल तर सरळ ३२ घ्या.

त्याआधी स्क्रॅच डिस्क कुठे आहे तेवढं बघा. ३,२०० वेगाच्या डीडीआर४च्या दोन स्टिक मिळून सेकंदाला ५१ जीबीपर्यंत माल हलवू शकतात. साधी जेन ३ एनव्हीएमई (वेगवान प्रकारची एसएसडी) साडेतीन जीबीच्या आसपास, साटा एसएसडी अर्धा जीबी, आणि फिरती हार्ड डिस्क दीड-दोनशे एमबी. स्क्रॅच अजून फिरत्या डिस्कवर असेल तर १६चं मशीन तिथेच अडतंय. अशा वेळी आधी एनव्हीएमई टाकून स्क्रॅच तिकडे हलवा, मग रॅमचा विचार करा.

६४ कुणाला लागते? ४५ मेगापिक्सेलच्या पुढच्या कॅमेऱ्यावर जड रिटच करणाऱ्यांना. तशी एक फाइल १६ बिटमध्ये एका लेयरलाच २७० एमबीच्या वर जाते. दागिन्यांचं किंवा मॅक्रोचं फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो एकत्र जोडणं) करणारे ४०-५० फ्रेम एकदम लेयरवर घेतात, त्यांनाही ती कारणी लागते. मोठे पॅनोरमा जोडणारे, किंवा फोटोशॉप उघडं ठेवून शेजारी लग्नाचा व्हिडिओ कापणारेही त्यातच आले. फक्त अल्बम करणाऱ्याचे ते पैसे ग्राफिक कार्डावर जास्त कामी येतात. लाइटरूमचं एआय डीनॉइज (फोटोतले दाणे घालवणारं) २०२३ मध्ये आलं, ते ग्राफिक कार्डावर चालतं. संध्याकाळच्या वरातीचे चढ्या आयएसओचे दोनशे फोटो डीनॉइजला लावायचे असतील तर ३२ची ६४ करून तो वेळ घटत नाही. ज्या मशीनमध्ये वेगळं कार्ड नाही, तिथे ग्राफिक्स रॅममधूनच आपला वाटा उचलतं, हेही १६ घेणाऱ्याने हिशेबात धरावं.

लॅपटॉप आणि मॅकचा विचार वेगळा करावा लागतो. अॅपलच्या एम चिपच्या लॅपटॉपमध्ये आणि मॅक मिनीमध्ये मेमरी चिपसोबतच बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही, आणि ग्राफिक्सलाही तीच पुरवावी लागते. ऑक्टोबर २०२४ पासून अॅपलने एम चिपच्या मॅकची सुरुवातच १६ पासून केली आहे. पाच वर्षं वापरायचा आणि अल्बम करायचा मॅक असेल तर २४ पासून वर बघा. विंडोजच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्येही रॅम बोर्डाला सोल्डर केलेली असते. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा की स्लॉट आहे का आणि किती. दोन स्लॉट असतील तर आज १६ घेऊन पुढच्या सीझनला वाढवता येते. सोल्डर असेल तर आजच ३२.

डेस्कटॉपवाल्यांना एक स्टिक की दोन हाही प्रश्न पडतो. १६-१६च्या दोन स्टिक घ्या, म्हणजे मेमरीचे दोन्ही चॅनेल (रस्ते) चालतात. आत्ता पैसे कमी असतील तर १६ची एकच स्टिक घेऊन स्लॉट मोकळा ठेवणं मला ८-८च्या जोडीपेक्षा बरं वाटतं. थोडा वेग जातो, पण वाढवताना जुनी स्टिक फुकट जात नाही. ३,२०० की ३,६०० यावर डोकं शिणवू नका, पैसे जीबीवर घाला. डीडीआर४ची स्टिक डीडीआर५च्या बोर्डात बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते. मदरबोर्डाचं मॉडेल लिहूनच लॅमिंग्टन रोडला किंवा तापकीर गल्लीत जा.

२०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव झपाट्याने चढले आहेत, कारण एआयची डेटा सेंटरं ती मोठ्या प्रमाणात उचलू लागली आणि जगातली बहुतेक रॅम तीनच कंपन्या बनवतात, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. म्हणून आधी एक दिवस एफिशियन्सीवर नजर ठेवा, मग बाजारात जा.

स्टिक बसवताना मशीन बंद करून वायर काढा आणि क्लिपचा टक असा आवाज येईपर्यंत दाबा. चालू केल्यावर टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती स्लॉट भरलेत आणि वेग किती, दोन्ही दिसतं. वेग पाकिटावर लिहिल्यापेक्षा कमी दिसला तर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करायचं राहिलंय.