रेमिंग्टनवरून इनस्क्रिप्टवर: काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

साताऱ्यात एका डीटीपी सेंटरमध्ये मी काम करते. लग्नपत्रिका, अर्ज, निविदा, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, दिवाळीच्या तोंडावर एखादा अंक. हात रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कळफलकावर, बसलेला. टायपिंगची परीक्षाही त्याच कळफलकावर दिलेली. गेल्या पावसाळ्यापासून मात्र सगळं नवं काम युनिकोडमध्ये (यात प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेतांक असतो, म्हणून मजकूर दुसऱ्या संगणकावरही मराठीच दिसतो) आणि इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कळफलकावर करतेय. गिऱ्हाईक हल्ली मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतं आणि फाइल तशीच परत मागतं. जुन्या फॉन्टमधली फाइल त्याच्याकडे उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये ‘मराठी’ टाइप केलं तर आत साठतात ई, जे, के, बी, एच. फॉन्ट आहे तोवरच त्याची मराठी.

इनस्क्रिप्ट काही नवं नाही. १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात तो आहे आणि विंडोजमध्ये फुकट मिळतो. भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी जोडायची, मग विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून इंग्रजी-मराठी बदलता येतं. विकत काही घ्यावं लागत नाही.

पहिले काही आठवडे जड गेले. कळा पाठ करणं त्यातलं सोपं काम. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. क च्या कळीवर शिफ्टसह ख, त वर थ, प वर फ, अशा दहा जोड्या एकदा लक्षात आल्या की निम्मा कळफलक हातात येतो. अवघड होता तो क्रम. रेमिंग्टनवर अक्षर जसं कागदावर दिसतं तसं उमटवायचं असतं. ‘निर्मिती’ लिहिताना आधी वेलांटी, मग न, पुन्हा वेलांटी, म, त्यावर रफार, मग त आणि दुसरी वेलांटी. ख, ण, श ही तर अर्धं अक्षर आणि काना जोडून बनवायची. इनस्क्रिप्टवर उच्चाराच्या क्रमाने जायचं: न, पहिली वेलांटी, र, हलन्त (पाय मोडायची कळ), म, पहिली वेलांटी, त, दुसरी वेलांटी. एक कळ जास्त लागते, पण शिफ्ट एकदाही लागत नाही. वर्षानुवर्षं वेलांटीकडे आधी धावणारं बोट थांबवायचं, हीच खरी मेहनत.

आमच्याकडच्या ताई पन्नाशीच्या पुढच्या, जुन्या मशिनवर शिकलेल्या. त्यांनी कळांवर स्टिकर लावूच दिले नाहीत. सकाळी दुकान उघडलं की गर्दी व्हायच्या आधी पेपरातली एखादी बातमी घेऊन बसायच्या आणि मोठ्याने म्हणत टाइप करायच्या: “न ला पहिली वेलांटी, र चा पाय मोडला, म ला पहिली वेलांटी...” शाळेत शुद्धलेखन घोकतात तसं. मीही तेच करू लागले आणि त्यानंतरच हाताला वेग आला. मालकांनी त्या काळात घाईची कामं जुन्या पद्धतीने करू दिली, छोट्या पत्रिका तेवढ्या नव्याने. ही सवलत फार मोलाची होती. कितीतरी कार्यालयांत सोमवारी नवं सॉफ्टवेअर बसतं आणि मंगळवारी जुना वेग मागतात. मग माणूस गुपचूप जुन्या फॉन्टकडे वळतो आणि सगळे म्हणतात, यांना शिकायचंच नाही. मला हे अन्यायाचं वाटतं.

आता आवडलेली गोष्ट. ‘साताऱ्यात’ हा शब्द मी दिवसातून कितीदा टाइप करते! त्यातला ऱ्य लिहायला शिफ्ट दाबून र ची कळ, मग हलन्त, मग य. वऱ्हाड, कुऱ्हाड, दऱ्या, सगळं तसंच. शिवाय फाइलमध्ये नाव शोधता येतं. सभासदांची यादी एक्सेलमध्ये अकारविल्हे लावता येते. आधी ते हातानेच करावं लागायचं.

तक्रारी आहेत. ण, ळ, श तिन्ही शिफ्टवर आणि तेही खालच्या ओळीत. मराठीत यांच्यावाचून वाक्य सरकत नाही. ‘आणि’ लिहायला शिफ्ट दोन अक्षरांना लागते. दिवसभराच्या कामानंतर डाव्या हाताची करंगळी दुखते.

पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड चालत नाही. त्याची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ ची. त्याच कामाच्या इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ हे सेटिंग लावायचं, नाहीतर जोडाक्षरं सुटी पडतात. फॉन्ट निवडताना ल आणि श बघून घ्या. २००९ च्या शासन निर्णयातला पाकळीचा ल आणि देठाचा श सगळ्या फॉन्टांत मिळत नाही. पुस्तकी मजकुराला मी ‘टिरो देवनागरी मराठी’ वापरते, त्यात तो आपसूक येतो.

रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारा फोनेटिक कळफलकही विंडोजमध्ये आहे. दोन ओळींच्या निरोपाला ठीक, पण लांब मजकुरात सुचवलेल्या शब्दांकडे सारखं बघावं लागतं आणि मूळ कागदावरून नजर हटते.

सगळ्यात कटकटीच्या जुन्या फायली. जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर रफार चुकीच्या जागी नेतात: ‘धर्म’चं ‘धमर्’ होतं, ऱ्य गायब होतो. म्हणून जुना अहवाल रूपांतर करून दिला तरी छापण्याआधी आम्ही तो ओळ न् ओळ वाचतो, आणि त्या वाचनाचे पैसे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवतो.