पाण्याचा कुलर की हवेचा? एकाच प्रोसेसरवर १४ महिने

प्रोसेसर थंड ठेवायला आधी ८ महिने लिक्विड कुलर वापरला (यात पंप पाणी फिरवतो आणि ते ३६० मिमीच्या रेडिएटरमध्ये, म्हणजे पंखे लावलेल्या जाळीत, थंड होतं), आणि गेले ६ महिने दोन पंख्यांचा जाडजूड टॉवर, म्हणजे धातूच्या पात्यांची चवड असलेला हवेचा कुलर, वापरतेय. प्रोसेसर तोच, रायझन ९ ७९५०एक्स. कॅबिनेटही तेच. कामसुद्धा तेच: थ्रीडी ॲनिमेशनच्या फ्रेमा रात्रभर रेंडर होत असतात, म्हणजे मशीन त्यांची अंतिम चित्रं तयार करत असतं, आणि मी भिंतीपलीकडे झोपायच्या खटपटीत असते. त्यामुळे मशीन किती तापतं आणि किती आवाज करतं, हे दोन्ही मला सारखेच छळतात.

लिक्विड लावून पहिलं मोठं रेंडर सुरू केलं. मिनिटभरात प्रोसेसरचं तापमान ८० अंशांच्या आसपास, म्हणून खूश होऊन उठले. वीस मिनिटांनी येऊन बघते तर ९५. वाटलं प्रोसेसर आणि कुलरच्या मधली, उष्णता पुढे नेणारी पेस्ट नीट लागली नाही. कुलर काढला, पुसला, परत बसवला. पुन्हा ९५. दुसऱ्यांदा तोच आकडा दिसल्यावर मग डोकं चालवलं. हा प्रोसेसर बनवलाच असा आहे की २३० वॉट किंवा ९५ अंश, यातलं जे आधी गाठेल तिथवर तो धावणार. कुलर चांगला लावलात म्हणून तो थंड राहत नाही, जास्त वीज ओढतो. पुढे टॉवर लावला तेव्हाही ९५ च दिसले, फक्त तीन मिनिटांच्या आत. नुसता तापमानाचा आकडा पाहिला असता तर दोन्ही कुलर सारखेच म्हणून मोकळी झाले असते.

फरक होता तो वॉटमध्ये. ९५ अंशांवर टेकल्यावर लिक्विड साधारण २२५ वॉट पेलायचा, टॉवर २०० च्या आसपास. कामाच्या भाषेत सांगायचं तर एकाच सीनला लिक्विडवर ३ तास ५२ मिनिटं लागली आणि टॉवरवर ३ तास ५८. सहा मिनिटं! कुणाला ती मोलाची असतील. मी तेव्हा झोपलेली असते.

खरी तुलना करायची तर वीज बांधून घ्यावी लागते. बायोसमधून, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगमधून, विजेची मर्यादा १४२ वॉटवर आणली (याच बोर्डावर १०५ वॉटचा, वीज वाचवणारा इको मोड लावला की हाच आकडा मिळतो), खोली २८ अंशांवर ठेवली आणि अर्धा तास लोड दिला. लिक्विड ७० अंश, टॉवर ७५. मर्यादा ८८ वॉटवर उतरवली तर ५४ आणि ५७. हे माझ्या खोलीतले, माझ्या कॅबिनेटमधले आकडे आहेत. खोली पाच अंशांनी तापली की दोन्हीकडे जवळपास पाच-पाच मिळवायचे. खोलीपेक्षा थंड तर दोघंही करू शकत नाहीत, पाण्याच्या नावामुळे काहींचा तसा समज असतो.

आता 'अर्धा तास' का? कारण इथेच सगळी गंमत आहे. त्याच १४२ वॉटवर पहिल्या मिनिटाला लिक्विडवर ६० अंश दिसत होते. टॉवर तिसऱ्या मिनिटाला ७४ वर जाऊन बसला आणि नंतर जेमतेम एक अंश चढला. म्हणजे पाच मिनिटांची चाचणी घेऊन कुणी 'लिक्विड दहा-बारा अंशांनी थंड' म्हणत असेल तर तो खोटं बोलत नाही, घाई करतोय. पाणी तापायला वेळ घेतं. त्याच वजनाच्या ॲल्युमिनियमला जेवढी उष्णता लागते, तिच्या साडेचार पटींहून जास्त पाणी खातं. माझ्या कुलरमध्ये पाण्याचं तापमान दाखवणारा सेन्सर होता. ३१ वरून निघालेला तो काटा ४१ वर टेकायला पंधरा मिनिटं लागायची, आणि काम संपल्यावर तेवढाच वेळ उतरायला. फोटो एडिटिंग करणाऱ्याचा, दोन-तीन मिनिटांचे झटके देणाऱ्याचा लिक्विडमध्ये फायदा आहे तो हा. माझ्यासारख्या चार तासांच्या गिऱ्हाइकाला ती उधारी पहिल्या पंधरा मिनिटांतच संपते.

त्या सेन्सरनं अजून एक गोष्ट शिकवली. चिप ७०, पाणी ४१, खोली २८. म्हणजे पाण्यापासून खोलीपर्यंत फक्त १३ अंश, आणि चिपपासून पाण्यापर्यंत २९! अडचण रेडिएटरमध्ये नाही, त्याच्या कितीतरी अलीकडे आहे. प्रोसेसरच्या आतल्या नखाएवढ्या दोन चिपांतून शेकडो वॉट बाहेर काढायचे, वर धातूचं जाड झाकण, मग पेस्टचा थर, मग कुलरचं तांबं. रेडिएटर दुप्पट केला तरी त्या १३ मधलेच काही अंश वाचणार. २९ ला हात लागत नाही. त्या चिपा झाकणाच्या मध्यावर नसतात, एका कडेला असतात. टॉवरबरोबर आलेल्या, कुलर थोडा खाली सरकवणाऱ्या पट्ट्या लावल्या तर दोन अंश सुटले. एक स्क्रूड्रायव्हर आणि वीस मिनिटं.

तसं 'हवेचा' कुलर हे नाव फसवंच आहे. टॉवरच्या तांब्याच्या नळ्यांतही थोडंसं पाणी असतं. आत दाब इतका कमी ठेवलेला असतो की ते प्रोसेसरच्या उष्णतेनंच वाफ होतं, टॉवरच्या धातूच्या पात्यांकडे जाऊन थंड होतं आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र थरातून झिरपत परत येतं. पंप नाही, वीज नाही. आणि लिक्विडवाला शेवटी उष्णता हवेतच सोडतो. मग भांडण कसलं?

आवाजाचं मात्र भांडण आहे. लिक्विडचे पंखे शांत होते, पण पंपाची बारीक सूं थांबायची नाही, मशीन रिकामं बसलेलं असतानाही. दिवसा ऐकू यायची नाही, रात्री डासासारखी कानाशी. त्यात सुरुवातीला मी रेडिएटर समोरच्या बाजूला इतका खाली बसवला होता की पंपच सगळ्यांत उंच झाला. हवेचा बुडबुडा नेहमी वरची जागा धरतो, तो पंपात जाऊन बसला. मशीन चालू केलं की घशात पाणी अडकल्यासारखी गुडगुड. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला हलवला, मशीन थोडं तिरकं करून चालवलं, तेव्हा थांबली.

टॉवरचा त्रास वेगळा. हा प्रोसेसर ब्राउझर उघडला तरी क्षणभर पंधरा-वीस अंश उसळतो आणि पंखे त्याच्यामागे धावतात. घूंऽऽ... शांत... घूंऽऽ. बायोसमध्ये पंख्याला प्रतिसादासाठी काही सेकंद उशीर लावला तेव्हा निभावलं. लिक्विडवर हे सोपं होतं: पंखे पाण्याच्या तापमानाला बांधले की उसळ्यांशी त्यांचं देणंघेणंच राहत नाही. आता रेंडरच्या वेळी टॉवरचा आवाज लिक्विडपेक्षा थोडा मोठा आहे, पण नुसता वाऱ्याचा. त्यात झोप लागते.

बसवताना टॉवरनं छळलं. रॅम उंच, म्हणून पुढचा पंखा वर सरकवावा लागला, मग कॅबिनेटची काच बंद होईना. शेवटी रॅमवरची शोभेची पट्टी उतरवली. पंख्याच्या तारेच्या क्लिपनं अंगठ्याला भोक पाडलं ते निराळंच. घेण्याआधी कॅबिनेटची रुंदी आणि रॅमची उंची मोजा, आणि कुलरच्या बुडाशी चिकटवलेलं प्लास्टिक काढल्याची खात्री करा. हसू नका, मी एकदा विसरलेय.

लिक्विड काढायचं कारण तापमान नव्हतंच. आठव्या महिन्यात आकडे चढू लागले, म्हणून रेडिएटरचे पंखे सोडवले. आत करड्या नमद्यासारखा धुळीचा सलग थर, चिमटीत धरून सोलून निघाला. वरून काहीच दिसत नव्हतं. तो काढल्यावर आकडे पूर्ववत झाले, पण दर काही महिन्यांनी बारा स्क्रू सोडवायचे? शिवाय पंप कधी बंद पडेल याचा घोर मनात राहतोच. रात्री तीनला पंप गेला तर प्रोसेसर स्वतःला सांभाळून घेईल, सकाळची डिलिव्हरी मात्र बुडेल. टॉवरचा पंखा गेला तर दुसरा पंखा उरतो, आणि नवा लावायला पाच मिनिटं लागतात. एक अनपेक्षित फायदाही झाला: टॉवरचा वारा सॉकेटभोवतीच्या भागावरून जातो, त्यामुळे बोर्डाची व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग) लिक्विडच्या काळापेक्षा थंड असते.

हल्ली मी १४२ वॉटची मर्यादा कायमच ठेवलीय. तो सीन आता ४ तास १० मिनिटं घेतो.

लिक्विड कुलर मावसभावाला दिला. त्याच्या बुटक्या कॅबिनेटमध्ये असला उंच टॉवर मावतच नाही, आणि त्याचं काम दोन-दोन मिनिटांचं. पंप रेडिएटरच्या खाली ठेव, हे मात्र त्याला फोनवर दोनदा सांगावं लागलं.